पहिली ते सातवी कुठं?

तेलंगणात सरकारी शाळेची बाई व्हायचं असेल तर बारावी लागते, डीएड लागतं, टेट लागते, डीएससी लागते आणि भाचीला घरात ठेवून घ्यायला साफ नकार देणारी एक मामी लागते. पहिल्या चार गोष्टी जाहिरातीत छापलेल्या असतात. मामीचं कुणी छापत नाही, त्यामुळे पुष्कळ हुशार पोरी फसतात. मी फारशी हुशार नव्हते, पण माझी मामी पक्की होती.

आमचं गाव तामसी मंडलात, म्हणजे तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडं. पलीकडं महाराष्ट्र. नकाशात तिथं दोन राज्यांची हद्द आहे. आमच्या लोकांनी मात्र तो नकाशा कधी मनावर घेतला नाही. सोयरिकी, बारशी, मयती सगळ्या नदी ओलांडून होतात. आणि पोर शाळेच्या वयाचं झालं की त्याचा मामा कुठं राहतो ते आधी बघतात. मामा पलीकडं असला तर पोराची कपड्यांची पिशवी भरतात आणि त्याला तिकडं नेऊन सोडतात. का, तर तिकडचं मराठी चांगलं. इकडं मराठी शाळा होत्या, पण त्यांना मराठीचा मास्तर मिळेलच असं नव्हतं. आमच्या गावात मध्यंतरी तेलुगूचा एक मास्तर आला होता. तो बिचारा पोरांकडून मराठी शिकला आणि पोरं त्याच्याकडून बसल्या बसल्या झोपायला शिकली.

तेव्हा मायनं मलाही पिशवीसकट मामाकडं नेलं. बाबा तेव्हा तहसीलच्या ऑफिसात चपराशी लागले होते, त्यामुळे घरात शिक्षणाचं वारं शिरलं होतं. आजोबा सालगडी म्हणून दुसऱ्याच्या वावरात राबलेले, बाबा खुर्च्या पुसणारे, आणि आता पोरगी खुर्चीवर बसणार असा मायचा हिशेब. मामीनं आम्हाला पोटभर जेवू घातलं. भाकर, वांग्याची भाजी, वरून पापड. मग हात धुताना मायला म्हणाली, "बाई, आमच्याच घरी पोट्ट्यांची पंगत बसते. हिले मी कुठं बसवू?"

मायनं पिशवी उचलली, माझा हात धरला आणि आलेल्या वाटेनं परत निघाली. घरी पोचेपर्यंत तिनं मामीच्या सात पिढ्या काढल्या. पुढं कितीतरी वर्षं मामीनं दिलेली साडी ती नेसली नाही, बोचक्यात तळाशी ठेवून दिली. मी गावच्या शाळेत बसले. तेलुगू मास्तरापुढं.

माझी मैत्रीण आमच्याच गावची, विहारामागच्या गल्लीतली. आमच्याच समाजाची. तिला पण मामा पलीकडंच, पण तिची मामी देवमाणूस. घरात लेकरू नव्हतं, तिनं भाचीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. वेण्या घातल्या, तूप लावून पोळी दिली, पाढे घोकून घेतले. पाचवी झाली आणि मामा कामासाठी नागपूरकडं गेला, तेव्हा ती परत आली. पहिले काही दिवस ती "मला", "तुला" असं पुस्तकासारखं बोलायची. आम्ही सगळ्या मिळून तिला इतकं चिडवलं की पंधरवड्यात ती "मले, तुले" करायला लागली. तिकडची पोरं तिला तेलंगी म्हणत होती, इकडं आम्ही महाराष्ट्रवाली म्हणायला लागलो. सहावीपासून आम्ही दोघी एका बाकावर बसलो आणि डीएड होईपर्यंत तो बाक काही सुटला नाही.

डीएडचं कॉलेज आदिलाबादला. गावातून बसनं जायचं, यायचं. तिथं मराठीचा एक वर्ग होता, तेलुगूच्या वर्गांच्या मागं, पाण्याच्या टाकीशेजारी. तिथं आम्हाला बालमानसशास्त्र शिकवलं. त्या पुस्तकात बालक फार थोडी आणि जनावरंच जास्त. घंटी वाजली की लाळ गाळणारा कुत्रा, पेटीत कोंडलेलं मांजर, दांडी दाबणारा उंदीर. मैत्रीण म्हणायची, "आपल्याले बाई करून राह्यले का ढोरांचा डॉक्टर?" पण परीक्षेत सगळ्यांत जास्त मार्क तिलाच पडायचे. तिला ते कुत्रं-मांजर कुठल्या पानावर, कुठल्या कोपऱ्यात आहे तेसुद्धा आठवायचं. मी मात्र कुत्र्याचा शोध मांजरवाल्या साहेबाच्या नावावर लिहून यायची.

सगळ्यांत भारी प्रकार म्हणजे सरावपाठ. जवळच्या मराठी शाळेत जाऊन आम्ही खऱ्या पोरांना शिकवायचं, मागं सर वही घेऊन बसणार. आता ही शाळा वर्षानुवर्षं डीएडवाल्यांना दिलेली. तिथल्या चौथीच्या पोरांनी 'पाण्याची वाफ' हा पाठ इतक्या होऊ घातलेल्या बायांकडून ऐकला होता की त्यांनाच डीएड देऊन टाकायला हरकत नव्हती. कुठं हात वर करायचा, कुठं "माहीत नाही" म्हणायचं, कुठं आश्चर्य वाटल्यासारखं तोंड करायचं, सगळं त्यांना पाठ. फक्त त्यासाठी पाठाच्या आधी गोळ्या वाटाव्या लागत. गोळ्या न वाटणाऱ्या एका पोरीच्या पाठाला त्यांनी हात वर करायला नकार दिला होता, आणि तिला तो पाठ पुन्हा द्यावा लागला होता.

शेवटच्या परीक्षेला बाहेरून जे सर आले ते तेलुगूचे. मराठीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. म्हणजे आमचं मराठी शिकवणं ते डोळ्यांनी तपासणार. फळ्यावरचं अक्षर, चार्टचा रंग, पोरांचे वर झालेले हात. माझी पाळी आली. प्रस्तावना झाली आणि पुढं काय ते आठवेना. मी नुसती हसत उभी. पुढच्या रांगेतली एक पोरगी हळूच म्हणाली, "बाई, आता चार्ट लावा." मी चार्ट लावला. "आता आमाले विचारा, किटलीतून काय निघून राह्यलं." मी विचारलं. सगळ्या वर्गानं हात वर केले. सर खूश झाले, तेलुगूत म्हणाले, छान प्रतिसाद आहे. असा माझा पाठ त्या पोरांनी घेतला आणि मी पास झाले.

मैत्रिणीनं गोळ्या वाटल्या नाहीत. पाठ तोच, पण तिनं चार्ट गुंडाळूनच ठेवला आणि पोरांना विचारलं, तुमच्या घरी डाळ शिजताना झाकणाच्या आतून पाणी कुठून येतं? हा प्रश्न पोरांच्या पाठांतरात नव्हता. पोरं गुंडाळलेल्या चार्टकडं बघायला लागली. मला वाटलं, गेली ही. मग एकानं सांगितलं, दुसऱ्यानं त्याला खोडलं, तिसरी म्हणाली, आमच्या घरी झाकणच नाही. दहा मिनिटांत पोरं एकमेकांशी भांडायला लागली. तेलुगू सर खुर्ची पुढं ओढून ऐकायला लागले. त्यांना काय कळत होतं देव जाणे. पण पाठ संपल्यावर त्यांनी तिला थांबवून विचारलं, मघाशी ती पोरं भांडत कशावरून होती? आणि डाळीची गोष्ट कळल्यावर मनापासून हसले.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की आम्हा दोघींपैकी बाई कोण होती याबद्दल आमच्या वर्गात कुणालाच शंका नव्हती. मला तर मुळीच नव्हती.

डीएड झालं, टेट, म्हणजे पात्रता परीक्षा, ती पण निघाली. आता फक्त डीएससी, म्हणजे खरी भरतीची परीक्षा. ती काही येईना. दर सभेत कुणी ना कुणी म्हणायचं, लवकरच येते. आमच्या गावात "लवकरच" या शब्दाचा अर्थच पालटून गेला. कुणी विचारलं, लग्न कधी व? तर आम्ही म्हणायचो, लवकरच. म्हणजे समोरचा समजून जायचा. तेवढ्यात तिचं लग्न झालं सुद्धा. बाजारहत्नूर मंडलातलं गाव, नवरा बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारा, स्वभावानं गरीब, बायकोच्या पुढं पुढं करणारा. तिला पोरगी झाली.

मी तेव्हा मावल्याला एका इंग्रजी शाळेत शिकवत होते. मला इंग्रजी किती येत होतं? सिट डाऊन, स्टँड अप, डोन्ट टॉक. एवढ्यावर मी कित्येक वर्षं काढली. पालक म्हणायचे, बाई कडक आहेत. मी कडक नव्हते, मला पुढचं वाक्य येत नव्हतं.

या वाट पाहण्याच्या दिवसांत एक नियम बदलला. सरकारी नियम बदलतो तेव्हा गावात दवंडी येत नाही. आधी तुम्ही कुठल्या जिल्ह्याचे हे दहावीपर्यंतच्या शेवटच्या वर्षांवरून ठरायचं. त्या हिशेबानं आम्ही दोघी आदिलाबादच्या, त्यात काही वादच नव्हता. नवीन नियम आला तो असा, की पहिली ते सातवीत जास्त वर्षं जिथं शिकलात, तिथले तुम्ही. आम्ही तेव्हा डीएससीसाठी पुन्हा कुत्रं आणि मांजर पाठ करत होतो. आम्हाला काय पत्ता.

शेवटी एकदाची डीएससी आली. फॉर्म भरायला आम्ही दोघी आदिलाबादला नेट सेंटरवर गेलो. तिची पोरगी कडेवर, तिच्या हातात मुरमुऱ्याचा पुडा. नेट सेंटरवाला पोरगा तेलुगू, पण हिंदीत बोलायचा. माझा फॉर्म झटक्यात झाला. मग तिचा. त्यानं विचारलं, "पहिली से सातवीं कहाँ?" ती म्हणाली, पाचवीपर्यंत महाराष्ट्र, मग इथं. त्यानं बटण दाबलं आणि म्हणाला, "नॉन-लोकल पड़ता मॅडम."

ती म्हणाली, "मी तामसीची हाय. माह्या आज्याचा आजा तामसीचा."

तो म्हणाला, "आजा का कॉलम नहीं है."

त्याचा काही दोष नव्हता. त्यानं आम्हाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. शंभरातल्या पाचच जागा अशा, की ज्यांत बाहेरचेही बसू शकतात. बाकी सगळ्या जिल्ह्यातल्यांच्या. आता मराठी माध्यमाच्या जागा मुळातच बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातून आमच्या समाजाच्या कोट्यातली बायकांची जागा होती एक. या आकड्यांतून शंभरातल्या पाचचा हिशेब काढला तर एक अख्खा माणूस काही निघत नव्हता. त्यानं तो हिशेब कॅल्क्युलेटरवर करून दाखवला, आणि आम्हाला पटेना म्हणून परत करून दाखवला.

म्हणजे आमच्या दोघींत जागा एक, आणि ती तिच्यासाठी नव्हती. एवढ्यासाठी की तिची मामी चांगली होती.

बाहेर येऊन आम्ही बस स्टँडवर मिरचीभजी घेतली. ती खात होती आणि मी नुसती पाहत होते. मी म्हणाले, "फॉर्म वापस घे. फीस तरी वाचन." ती म्हणाली, "नाई. मी परीक्षा देते. ते कायदे-नियम बदलतच राह्यतात. आता बदलला तसा अजून एक डाव बदलन. आन नाईच बदलला तर निदान मले माहीत तर होईन, मी कुठी बसते ते." मग पोरीचं नाक पुसून म्हणाली, "आन तुले कोण शिकवन? तुले अजून कुत्रं आन मांजर कळत नाई."

हे खरं होतं. परीक्षेपर्यंत ती माहेरी येऊन राहिली. सकाळची वंदना झाली की विहार रिकामा व्हायचा, तिथं आम्ही सतरंजी टाकून बसायचो. एक अडचण पुस्तकांची होती. इथली गाईडं सगळी तेलुगूत, आणि मराठी हवं म्हणून नदीपलीकडून पुस्तकं आणावीत तर त्यांत सगळी माहिती महाराष्ट्राची. त्या पुस्तकात गोदावरी नाशिकजवळ निघायची, इथल्या पुस्तकात ती बासरला हजर व्हायची. मधे ती काय करते ते आम्हीच जोडून घ्यायचं. ती तेलुगू गाईड वाचून मला मराठीत सांगायची, मी लिहून घ्यायची. मी चुकले की डोक्यात टपली मारायची. तिची पोरगी शेजारी बसून आमच्या मागून घोकायची, आणि कधी कधी माझ्याआधी उत्तर द्यायची.

एक गोष्ट मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते. मला भीती वाटायची की ती मला शिकवणं मधेच सोडून देईल. तिच्या जागी मी असते तर सोडलं असतं. ज्या जागेवर आपल्याला बसता येत नाही तिथं दुसरीला बसवायला कोण इतका घसा कोरडा करतं?

परीक्षा झाली. निकाल लागला. आमच्या कोट्यातल्या मराठीच्या बायकांत ती वर, मी तिच्याखाली. मधे कुणीच नाही. यादीत तिच्यापुढं नॉन-लोकल असं लिहिलेलं.

ते नॉन-लोकल काढून टाका अशी दरखास्त, म्हणजे अर्ज, घेऊन ती शिक्षणाच्या ऑफिसात गेली, मी सोबत. तिथला कारकून म्हातारा, जुन्या वळणाचा, अजून तहसीलच्या उर्दूत बोलायचा. त्यानं दरखास्त नीट वाचली. चष्मा काढला. मला विचारलं, "आणि तुम्ही कोण?" मी म्हणाले, मी हिच्याखालची. तो आमच्याकडं बघतच राहिला. एवढ्या वर्षांत वरची आणि खालची एकाच दरखास्तीसोबत आलेली त्यानं पाहिली नव्हती बहुतेक. म्हणाला, "बेटी, गुंजाईश नाही. असती तर मी काढली असती." आम्हाला चहा पाजला. चहा पिऊन आम्ही बाहेर आलो आणि वेगवेगळ्या बसमध्ये बसलो.

मला ऑर्डर मिळाली तेव्हा घरात दिवाळी झाली. बाबांनी तहसीलमध्ये पेढे वाटले. साहेबानं त्यांना खुर्चीवर बसायला सांगितलं म्हणे, ते बसले नाहीत, नुसता खुर्चीच्या पाठीला हात टेकवून उभे राहिले. मायनं बोचकं उलगडून तळातली साडी काढली. आता मामीशी काय भांडण? ती साडी नेसून माय नदीपलीकडं गेली आणि मामीला पेढा भरवून आली. मामीला शेवटपर्यंत कळलं नाही की हा मान कशाबद्दल.

मी जिलबी घेऊन मैत्रिणीच्या सासरी गेले. ती धुणं वाळत घालत होती. "ये. बस," म्हणाली. मी जिलबी पुढं केली.

"ठेव तिथी. आज खात नाई. मले तुह्या राग आला हाय."

"माह्या? मी काय केलं व?"

"काई नाई केलं. म्हून तर आला. काई केलं असतं तं भांडली असती अन् मोकळी झाली असती."

मला रडू आलं. तिला नाही आलं. तिनं सगळं धुणं वाळत घातलं, मला चहा दिला आणि बसपर्यंत सोडायलाही आली. पण त्यानंतर फोन उचलायची बंद झाली.

समुपदेशनाला, म्हणजे शाळा निवडायला गेले तेव्हा मराठीच्या दोनच शाळा उरल्या होत्या. एका गावाला बसच जात नव्हती. दुसरी शाळा होती तिच्या सासरच्या गावात. मागं रांग उभी, समोरचे साहेब तेलुगूत म्हणताहेत, लवकर करा अम्मा. मी तिचं गाव घेतलं. दुसरं काय करणार होते?

शाळा म्हणजे एक खोली, एक ओसरी, चटया आणि थोडकी पोरं. गावातली बाकीची पोरं सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शिकायला जायची. शाळेत बाई एकच, मी. मीच हेडमास्तर, मीच घंटी. घंटी वाजवताना मला ते कुत्रं आठवायचं, पण आमच्या पोरांवर तिचा काहीच परिणाम होत नव्हता. पोरं आपल्या सवडीनं यायची.

मैत्रीण रोज शाळेवरून जायची. पोरीला अंगणवाडीत सोडायला जाताना आणि आणायला जाताना. शाळा रस्त्याच्या उजव्या हाताला. ती डावीकडं बघत जायची. डावीकडं म्हशींना पाणी पाजायचं एक टाकं होतं, आणखी काही नाही. तेवढ्या टाक्याकडं इतकं मन लावून त्या गावात दुसरं कुणीच पाहिलं नसेल.

वरून संध्याकाळी ती घरच्या ओसरीवर ट्यूशन घ्यायची. व्हॅनवाली पोरं जायची, माझीही जायची. सकाळी येऊन मला सांगायची, "बाई, तिकडच्या बाई असं नाई सांगत." मी चिडायचे, म्हणायचे, मग कसं सांगतात? पोरं सांगायची. ते जास्त बरं असायचं. दुसऱ्या दिवशी मी तसंच सांगायचे. म्हणजे विहारातला वर्ग अजून चालूच होता, फक्त आता ती मला पोरांच्या हाती धडे पाठवत होती आणि तिला ते माहीत नव्हतं. किंवा असेलही.

असं ते वर्ष गेलं. माझ्या पहिल्या वर्षाचं कौतुक बघायला घरचे आले, सोयरे आले. ती आली नाही. मला सरकारी पगार होता, गावात मान होता, आणि रोज सकाळी त्या टाक्याकडं पाहणाऱ्या बाईची पाठ दिसायची. खरं सांगते, काही दिवस तर मला वाटायचं, मामीनं मला ठेवून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी दारोदार फिरून पोरं मागत होते. सरकारी बाईचं जून म्हणजे हेच. दहा दारं हिंडायची, दहा ठिकाणी चहा प्यायचा आणि शेवटी पोरगं इंग्रजीलाच जाणार असं ऐकून यायचं. तिच्या दारावरून मी गेले, पण थांबले नाही. पिवळी व्हॅन तिच्या गल्लीतूनही जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली झाडत होते, तर ती दारात उभी. हाताशी पोरगी, पोरीच्या पाठीवर नवं दप्तर, डोक्याला चपचपीत तेल. मी झाडू खाली ठेवला. म्हणाले, "व्हॅन आली नाई काय आज?"

"आली होती. वापस लावली," ती म्हणाली. "हिचा मामा पण आला होता काल, आता नदीपलीकडे राह्यते तो. पलीकडे नवी शाळा झाली म्हणे, इंग्रजीची, मोठी. आपल्या घरी ठेवतो म्हणे. वहिनी पण लय चांगली हाय माही, पोरीवर लय जीव तिचा. मी हात जोडले. म्हणलं, दादा, दिवाळीले ने, उन्हाळ्यात ने. शाळेले नाई." मग खोलीत बघत म्हणाली, "तुह्यी शाळा पाचवीलोक हाय. सहावी-सातवी मंडलात घालीन. पहिली ते सातवी ही जिल्ह्याच्या बाहेर निजणार पण नाई."

मी म्हणाले, "तवापर्यंत नियम बदलला तं?"

"बदलू दे. माह्याकडून चूक राह्यली असं तं कोणी म्हणणार नाई."

पोरगी इतका वेळ माझ्याकडं बघत होती. तिनं मला ओळखलं होतं. विहारात माझ्याआधी उत्तर द्यायची ती. मी तिला विचारलं, बसशील का इथं? तिनं आईकडं पाहिलं. आईनं तिचा हात सोडला.

"शिकवायले कोण हाय?" तिनं विचारलं. जसं काही तिला ठाऊकच नव्हतं.

"मीच. दुसरं कोण हाय इथी?"

ती वर्षभरात पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघत होती. आवाज चढवला नाही, रागावली नाही. साधं सांगावं तसं म्हणाली, "मंग नीट शिकवजो. जागा माही होती."

मी हो म्हणाले, आणि पोरीला पुढच्या चटईवर बसवलं.